तीन चौकटींचं छत

लेनिनग्राडच्या एक विद्वान बाई आमच्या वस्तीवर छतं मोजायला आल्या होत्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात शिरल्या की त्या आधी वर बघायच्या, मग माणसांकडे. त्यांनीच मला सांगितलं, की चौकटीवर तिरकी चौकट, तिच्यावर आणखी एक तिरकी, असं वर निमुळतं होत गेलेलं आमचं छत आर्मेनियातल्या घरांत आहे, बल्गेरियातल्या जुन्या थडग्यांत आहे, काश्मीरच्या देवळात दगडात कोरलेलं आहे, आणि चीनमधल्या लेण्यांत तर नुसतं रंगानं काढलेलं आहे. मी म्हटलं, असेल. खोली रुंद आणि लाकूड आखूड असलं की कोणालाही सुचेल. बाईंना ते काही पटलं नाही. त्यांची हयात त्यात गेली होती, एवढ्यावर कशा ऐकतील?

मग त्यांनी विचारलं, तुम्हा पामिरी लोकांच्या घरांत चौकटी चार, मग शेजारच्या उझबेक गल्लीत जवळपास सगळ्या घरांवर तीनच का? त्यांचा अंदाज होता की तीनचं रूप अधिक जुनं असावं, फार पूर्वी मैदानातूनच आलेलं. तसं त्यांनी वहीत लिहून घेतलं. मी त्यांच्यापुढे मीठ-लोणी घातलेला दुधाचा चहा ठेवला. त्या तीन चौकटींचं कारण माझे वडील होते, आणि थोडीशी मी. पण ते सांगायचं तर माझ्या मुलीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि पाहुण्यांसमोर मी ते करत नाही.

एकावन्न सालच्या जूनमध्ये आम्हाला बारतांगच्या डोंगरातून ट्रकमध्ये घालून खाली वख्शच्या खोऱ्यात आणलं. तिथे कापूस पिकवायचा होता आणि हात कमी पडत होते. विचारलं कोणीच नाही. यादी वाचली, यादीत नाव निघालं, गोधड्या बांधल्या. माझा नवरा शोदीबेक तेव्हा सैन्यात होता, मिन्स्कच्या बाजूला. सासरी कोणी उरलेलं नव्हतं, म्हणून मी माझ्या वडिलांबरोबर आले. आम्ही वडिलांना दोद म्हणतो. माझे दोद, उस्तो कदमशो, आमच्या दरीतले नावाजलेले सुतार. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि कडेवर माझी मेह्रबेगिम, नऊ महिन्यांची. शोदीबेकनं तिला फक्त चाळीस दिवसांची पाहिली होती, मग तो गेला.

खाली सरकारी बराक होती. एका लांबलचक खोलीत चाळीस कुटुंबं, वर पत्रा. डोंगरात आम्ही जुलैतसुद्धा लोकरीचं अंगात घालायचो, आणि इथे पत्र्याला हात लावला तर फोड यायचा. कालव्याकाठी डास. ऑगस्टमध्ये मेह्रबेगिमला थंडीताप भरला, आणि पाचव्या दिवशी दुपारी ती गेली. तिला पुरून आलो त्याच दिवशी मुकादम म्हणाला, उद्यापासून खुरपणी. मी दुसऱ्या दिवशी खुरपायला गेले.

मी रडले नाही. हे मी मोठेपणानं सांगत नाही, आतून काही येतच नव्हतं. हात चालायचे, पाय चालायचे, तोंडात घास गेला तर गिळला जायचा. बराकीतल्या बायकांना हे बघवेना. एक जण मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अगं, शेळीचं करडू मेलं तरी शेळी दोन दिवस ओरडते." दुसरी म्हणाली, "नाव नेकबख्त ना तिचं, भाग्यवान! भाग्यवानांना कशाला रडू येईल?" माझं नाव खरंच नेकबख्त आहे. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाणी भरायला गेले.

शोदीबेकचं पत्र आलं ते तिला जाऊन बारा दिवस झाल्यावर. शेवटी लिहिलेलं, मेह्रबेगिमचा पापा घे, आणि ती काय काय करते ते लिही. मी कागद घेऊन बसले. दोद माझ्यासमोर बसले होते.

"काय लिहिणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"जे झालं ते."

"इतक्यात नको. तिचा दिवा राहिलाय."

आमच्यात माणूस गेलं की तिसऱ्या दिवशी खलिफा, म्हणजे आमचा धर्मगुरू, घरी येतो, कापसाची वात वळतो, प्रार्थना गात दिवा लावतो. त्या दिव्यानं गेलेल्याला वाट दिसते असं आम्ही मानतो. एवढ्याशा लेकरासाठी बरेच जण करत नाहीत, पण दोदना ते मान्य नव्हतं. आणि बराकीत दिवा लावणं त्यांना त्याहून मान्य नव्हतं. "कुठून जाईल ती? पत्र्यातून?" ते म्हणाले. "आपल्या घराला पाच खांब असतात, वर चार चौकटी असतात, मधे साणं असतं, तिथून आभाळ दिसतं. मी बांधतो घर. दिवा लागला की मग लिही. तोवर ती वाटेतच आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं, असं नाही म्हणता येणार. पण सोपं वाटलं. जी अजून वाटेत आहे ती गेली असं कसं लिहायचं? मी शोदीबेकला लिहिलं, मेह्रबेगिमला खालचे दोन दात आलेत, आणि ती आजोबांचं बोट चावते. दात खरंच आले होते. बोट चावायचं मी मनानं घातलं. पुढच्या पत्रात लिहिलं की ती भिंतीला धरून उभी राहते. त्याच्या पुढच्या पत्रात ती तीन पावलं चालली.  पत्र लिहिणं हे खुरपण्यासारखंच एक काम झालं होतं.

कापूस वेचता वेचता सप्टेंबरमध्ये मुकादमानं प्रत्येक कुटुंबाला भिंतींपुरती जागा दिली आणि कालव्याकाठचे पॉप्लरचे वासे दिले. दोन वावांपेक्षा लांब एकही नाही. दोद म्हणाले, पुरे. भिंती आम्ही दोघांनी मातीच्या उभ्या केल्या. मग दोदनी डोंगरातल्यासारखंच सगळं केलं, आणि तिथेच चुकलं. बारतांगला छतावर हातभर जाड माती घालतात, कारण वर्षातले पाच महिने बर्फ असतं आणि थंडी हाडांत शिरते. इथे बर्फ कुठलं? मी म्हटलं, "दोद, इथे एवढी माती कशाला? वासे पॉप्लरचे आहेत, मऊ."

"छत म्हणजे छत," ते म्हणाले. "इथलं छत, तिथलं छत असं नसतं."

आमच्या सगळ्याच लोकांनी हीच चूक केली. त्या वर्षी वस्तीत जो तो अर्धा डोंगर डोक्यावर घेऊन बसला होता. मातीच्या भारानं आमची मधली तुळई खाली वाकली आणि कुरकुरायला लागली. तिच्याखाली पाचवा खांब आल्याशिवाय वर चौकटी चढवणं शक्य नव्हतं. आमच्या घरात पाच खांबांना पाच पवित्र नावं असतात. पाचवा हुसेनचा, आणि खलिफा दिवा लावायला त्याच खांबाशी बसतो. चार खांब वाशांतून निघाले होते, पण पाचवा खांब असा मिळमिळीत लाकडाचा नको होता. त्याला तुतीचं खोड लागणार होतं. आणि तुतीचं खोड होतं फक्त पलीकडच्या गल्लीतल्या होलमुरोद अमाकच्या अंगणात, आडवं पडलेलं.

होलमुरोद अमाक, म्हणजे होलमुरोद काका, उझबेक. त्या लोकांनाही सरकारनंच आणलं होतं, पण वीस वर्षं आधी, फरगाण्याहून. माणूस जाडा, बोलका, कामात आळशी. आम्ही छत घालत होतो तेव्हा रोज येऊन खाली उभा राहायचा.

"उस्तो," तो वर बघून म्हणायचा, "छताला भोक पाडायला एवढी मेहनत? माझ्या घराला तर ती आपोआप पडतात!"

दोद आपले वासा तासत राहायचे. एका दुपारी तो आत आला. अजून तीनच चौकटी टेकू लावून तात्पुरत्या मांडल्या होत्या. बाहेर ऊन भाजत होतं, आणि आत जाड मातीमुळे तळघरासारखं गार, गरम हवा वरच्या साण्यातून निघून जात होती. होलमुरोद अमाक जमिनीवर बसला तो बसलाच. शेवटी त्याची बायको, ओयशा खोला, म्हणजे ओयशा मावशी, शोधत आली.

"हे काय, माणूस आहात की खरबूज? सावलीत ठेवलं की तिथेच!"

"तू पण बस गं जरा. बस आणि बोल."

ओयशा खोला बसली. बारीक, काटक बाई, पासष्टीची असेल. तिनं वर पाहिलं. मग उठताना म्हणाली, "असं छत आपल्याला पाहिजे."

त्याच संध्याकाळी सौदा ठरला. तुतीचं खोड आमचं, त्याच्या बदल्यात त्यांच्या बसायच्या खोलीवर तसलंच छत. लाकूड त्यांचं, त्यांच्या कालव्याकाठच्या झाडांचं. होलमुरोद अमाकनं एवढंच सांगितलं की खांब नकोत, भिंती आहेत की, नुसतं वरचं द्या. दोदना ते लागलं. घरी येऊन म्हणाले, "खांब नकोत म्हणे. नुसतं वरचं! उद्या म्हणेल, घोडा नको, नुसतं खिंकाळणं द्या."

"दोद, त्याला काय माहीत आपल्या खांबांचं?"

"तेच तर."

नोव्हेंबरात दोदनी त्यांचं छत घेतलं. मी हाताखाली होते. त्यांनी सोळा तुकडे तासले, एकेका चौकटीला चार. पहिली चौकट मातीची म्हणतात आमच्यात, दुसरी पाण्याची, तिसरी वाऱ्याची. खालच्या चौकटीचे चारही कोपरे कापत चार लाकडं तिरकी ठेवायची की वरची तयार. तिसरी बसली, आणि दोद खाली उतरले. चौथीचे चार तुकडे त्यांनी अंगरख्यात गुंडाळले.

मी विचारलं, "हे?"

"चौथी आगीची. ती आपली आहे."

"लाकूड त्यांचं आहे, दोद."

"त्यांनी माझ्याकडून खांबाशिवाय छत घेतलं, मी त्यांना आगीशिवाय दिलं. आणि आपल्या घराला चौथीचे वासे नाहीत. जे राहिलेत ते किडलेले आहेत. त्यातून मी माझ्या नातीला पाठवणार नाही." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "कोणी विचारलं तर सांग, लाकूड संपलं."

मी मान डोलावली. त्या दिवसांत कोणी काहीही सांगितलं असतं तर मी मान डोलावली असती. आमच्या छतावर चौथी चढल्यावर ओयशा खोलानं विचारलंच. "उस्तोंच्या घरी चार दिसतात, आमच्या तीनच कशा गं?"

"लाकूड संपलं," मी म्हटलं.

"असू दे. तीन पण छान दिसतात," ती म्हणाली.

पुढे महिन्याभरात होलमुरोद अमाकच्या पुतण्यानं वर बघून बघून आपल्या घराला तसंच छत घातलं, तीन चौकटींचं. त्याचं बघून त्याच्या साडूनं. गल्लीत सगळ्यांना वाटलं, हे असंच असतं. विद्वान बाईंचं जुनं रूप ते हेच.

आमचा पाचवा खांब उभा राहिला, त्यांच्या लाकडाची चौथी चौकट वर चढली, साणं लहान आणि नेटकं झालं. मग खलिफा आजारी पडला. तो तीस कोसांवरच्या दुसऱ्या वस्तीत होता. मग बर्फ नसलेला तो धुळीचा हिवाळा. जानेवारीत मी शोदीबेकला लिहिलं की तुझं नाव काढलं की मेह्रबेगिम आता दोद म्हणते, पण बोकडालाही दोदच म्हणते. त्यानं उत्तरात लिहिलं, बोकडाला माझा सलाम सांग. आमच्याकडे बोकड नव्हता.

मार्चच्या सुरुवातीला खलिफा आला. धर्माचं काही करायला सरकारची बंदी होती, म्हणून मुकादमाला आधीच दोन पायल्या वाटाणा पोचवला होता, त्यामुळे तो त्या संध्याकाळी आमच्या बाजूला फिरकला नाही. खलिफा हुसेनच्या खांबाशी बसला. वातीसाठी कापूस मागितला, तेव्हा मी माझ्याच वेचणीतला दिला. त्यासाठीच तर आम्हाला आणलं होतं. वात वळताना तो हलक्या आवाजात गात होता, वस्तीतली पंधरा-वीस माणसं भिंतीला टेकून बसली होती, दोद दोन्ही हात मांडीवर ठेवून दिव्याकडे बघत होते. धूर सरळ वर गेला, चौथ्या चौकटीतून बाहेर. मी बघत राहिले. मला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी होईल. काही झालं नाही. एवढंच मनात आलं की साण्याची कड उद्या पुसायला हवी, काजळी धरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ओयशा खोला. हातात कापडात बांधलेल्या गरम भाकऱ्या आणि एक भांडं.

"कालचं मला पुतण्याच्या बायकोनं सांगितलं," ती म्हणाली. "ज्या घरात कोणी जातं तिथे तीन दिवस चूल पेटत नाही, हो ना? तुमच्यात पण असंच असणार."

"खोला, ती ऑगस्टमध्ये गेली."

"तेव्हा कोणी आणलं होतं खायला?"

मी तिच्या हातातलं भांडं घेतलं. बराकीत प्रत्येकाला आपापलं पडलं होतं. त्या संध्याकाळी मीच आमच्या दोघांचं रांधलं होतं.

"मग तीन दिवस राहिलेलेच आहेत," ती म्हणाली. "आम्ही फरगाण्याहून निघालो तेव्हा चार होते माझे. इथे आलो तेव्हा... जाऊ दे, मी मोजत नाही. मला पण कोणी आणलं नव्हतं. खा. नको वाटलं तरी खा."

तिसऱ्या दिवशी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. इकडचा वसंतातला पाऊस असाच, वर्षाचा सगळा दोन आठवड्यांत उरकतो. तरीही संध्याकाळी ती भाकऱ्या घेऊन आली, चिंब भिजून. मी भांडं परत द्यायला तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. बसायच्या खोलीत घोटाभर चिखल होता. तीन चौकटींमुळे त्यांचं साणं आमच्यापेक्षा कितीतरी मोठं राहिलं होतं, झाकायला टाकलेला चटईचा तुकडा वाऱ्यानं उडून गेला होता. गोधड्या गुंडाळून कोपऱ्यात रचल्या होत्या, त्याही ओल्या. होलमुरोद अमाक ओणवा होऊन टमरेलानं पाणी उपसत होता. त्या दिवशी तोही थट्टा करत नव्हता.

"हिवाळ्यात धूळ, आता हे," ओयशा खोला म्हणाली. माझा चेहरा बघून तिनं घाईघाईनं भर घातली, "उस्तोंचा काही दोष नाही गं! लाकूडच संपलं त्याला कोण काय करणार. त्यांना सांगू नकोस हां, वाईट वाटेल म्हाताऱ्याला."

मला लाज वाटली. सात महिन्यांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं, आणि ती लाज निघाली. कानशिलं तापली. तिच्या भाकऱ्या माझ्या पोटात होत्या आणि तिचं लाकूड माझ्या डोक्यावर होतं.

मी घरी गेले. पाऊस ओसरला होता. शिडी लावली आणि छतावर चढून चौथ्या चौकटीभोवतीची माती हातांनी उकरायला लागले. आवाज ऐकून दोद बाहेर आले.

"काय चाललंय?"

"त्यांची चौकट त्यांना देतेय."

"खाली उतर."

"नाही उतरणार."

"नेकबख्त, तीन दिवस नाही झाले दिवा लावून!" त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "ती वर पोचली की नाही कोणाला ठाऊक! वाट मोडू नकोस तिची!"

मी पहिलं लाकूड दोन्ही हातांनी धरून उचललं. ते भिजून जड झालं होतं. खाली दोद उभे, टोपी नाही, डोक्यावरचे चार केस पावसानं चिकटलेले. सहा महिने मला वाटत होतं की दिव्याचं सगळं ते मला समजावायला सांगताहेत. तेव्हा दिसलं की त्यांना स्वतःलाच ते सोडवत नव्हतं.

"दोद," मी म्हटलं, "ती गेली. ऑगस्टमध्येच गेली. दुपारी. माझ्या हातात."

हे मी मोठ्यानं पहिल्यांदाच बोलले. बोलले आणि लाकूड धरून तिथेच चिखलात बसले, आणि मग मला रडू आलं ते थांबेना. सुंदर वगैरे काही नव्हतं ते. नाक वाहत होतं, घशातून जनावरासारखा आवाज येत होता, शेजारच्या बायका दारात येऊन बघत होत्या. बघू देत, मी म्हटलं, शेळी ओरडतेय. दोद शिडीवर चढून आले. त्यांनी माझ्या हातातून लाकूड घेतलं, बाजूला ठेवलं, आणि मग उरलेली तीन स्वतःच काढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ती चौकट होलमुरोद अमाकच्या छतावर बसवली. दोदनी त्यांना खरं काय ते सांगितलं, टोपी हातात घेऊन. होलमुरोद अमाकनं नव्या चौकटीकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे चार महिने मी आगीशिवाय बसलो होतो. तरीच बायको रोज थंड चहा देत होती." ओयशा खोला हसली नाही. तिनं दोदना आत बसवलं आणि त्यांच्यापुढे भाकरी मोडली. गल्लीतल्या बाकीच्या घरांना मात्र हे कोणी सांगितलं नाही. त्यांनी तीनच ठेवल्या, पुढे पोरांनीही तीनच घातल्या. आमच्या घरावर चौथी परत चढायला वर्ष गेलं.

चौकट परत दिली त्याच संध्याकाळी मी शोदीबेकला पत्र लिहिलं. लांब नव्हतं. मेह्रबेगिम ऑगस्टच्या एकोणीस तारखेला तापानं गेली. तिला दात आले होते ते खरं. उभं राहणं, चालणं, बोलणं, बोकड, सगळं खोटं. मी तुला खोटं लिहिलं. का लिहिलं ते मला सांगता येत नाही. तुला राग आला तर तो तुझा हक्क आहे. पत्र पेटीत टाकलं आणि मी उत्तराची भीती बाळगायला लागले. भीती वाटणं हेही मला नवीनच होतं, पण ती वाटत होती खरी, रात्रंदिवस.

उत्तर यायला पाच आठवडे लागले. मी ते कापसाच्या शेताच्या बांधावर उघडलं, कारण घरापर्यंत दम निघाला नाही. शोदीबेकचं अक्षर मोठं, पोरकट, ओळी खाली घसरणाऱ्या. त्यानं लिहिलं होतं:

"नेकबख्त, माझ्या तुकडीत रुशानचा, आपल्याच डोंगरातला, एक जण आहे. त्याची आई तुमच्याच बराकीत होती. तिनं त्याला सप्टेंबरमध्ये लिहिलं. मला तेव्हापासून माहीत आहे. मी तुला विचारणार होतो, तेवढ्यात तुझं पत्र आलं की ती बोट चावते. मग मला विचारवेना. मी मुद्दाम विचारत राहिलो, ती काय काय करते म्हणून. मला वाटलं, तू थांबशील तेव्हा थांबशील. मी तिला चाळीस दिवसांची पाहिली होती, बाकीची तूच दाखवलीस. आता नको लिहूस. पण बोकडाला ती दोद म्हणाली ते पत्र मी फाडणार नाही."